हनुवटीखालची फट

आठल्येनं माझ्या टेबलावर पाच तोंडं मांडली.

तोंडंच म्हणायची ती. काळं रबर, काचेचे डोळे, नाकाच्या जागी डबा. आमचे मालक बाळाशेट स्टोअरच्या दारातूनच म्हणाले, "अरे, दशावतारातले राकेस घेऊन इलंस काय?"

"गॅस मास्क आहेत, शेट." आठल्ये कोल्हापूरच्या कुठल्याशा कंपनीचा विक्रेता होता. नवे बूट, नवा टाय. आमच्या खारवणे बंदराचा मासळीचा वास सोसत नव्हता म्हणून बिचारा तोंडानं श्वास घेत होता. "ह्यातला कुठला घ्यायचा ते मॅडम ठरवतील."

मॅडम कोण आली म्हणून मी मागे वळून बघितलं.

तेव्हा मी तिशी ओलांडलेली, नववी पास, गारगोटीकडून लग्न होऊन खाली कोकणात आलेली. नवरा मासळीचा टेम्पो चालवायचा. मी बर्फाच्या कारखान्यात आधी कुपनं फाडायला लागले आणि मग स्टोअर सांभाळायला. इंग्रजी शिकले ती खोक्यांवरून. 'ही बाजू वर' एवढं कळायला मला शब्दकोश विकत घ्यावा लागला, आणि एकदा घेतल्यावर तो वाया जाऊ नये म्हणून पुढचंही वाचत गेले. मशिनांची माहितीपत्रकं कोणी वाचत नाही. मी वाचायची. त्यामुळे कारखान्यात माझं नाव विनाकारण हुशार म्हणून झालं होतं.

बर्फ पाण्याचा होतो, पण पाण्याला गोठवतो तो अमोनिया. पाइपात आहे तोवर गरीब गाय. बाहेर पडला की आधी डोळे धरतो, मग घसा, मग छाती. आदल्या हंगामात कंप्रेसरपाशी तो बाहेर पडला होता. सगळे गेटाकडे पळाले, आणि एक माणूस उलटा आत गेला. भिकाजीकाका तारी, आमचे जुने ऑपरेटर. त्या दिवशी त्यांची पाळीसुद्धा नव्हती, जेटीवर बसले होते. टॉवेल भिजवला, तोंडाला गुंडाळला, आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि भिंत चाचपत बाहेर आले. कितीतरी दिवस त्यांना दिवा नीट दिसत नव्हता. आवाज गेला तो घोगरा होऊन परत आला. म्हणून हे मास्क. आणि मासेमारीची बंदी संपली होती, दुसऱ्याच दिवशी लाइनीत गॅस सोडायचा होता, म्हणून घाई.

"हा कितीचो?" शेटनी पहिलंच उचललं. पांढरं कापडी.

"शेट, ते धुळीला," मी म्हटलं. "अमोनिया त्यातून हसत आत येईल."

"ह्यो?"

"त्यात डोळे उघडे राहतात."

"ह्यो मग. काच बीच आसा."

"काच आहे, पण डब्याचा पट्टा तपकिरी आहे. तो रंगाच्या, थिनरच्या वासाला. आपल्याला हिरवा लागतो."

आठल्येनं माझ्याकडे बघितलं आणि तपकिरी डबा गुपचूप बॅगेत टाकला. तोच तो खपवायला आला असावा. उरलेले दोन मी ठेवून घेतले. हिरव्या डब्याचा, सगळं तोंड झाकणारा. आणि पाठीवर हवेची टाकी घ्यायचा, कारण गॅस फारच झाला तर डबाही पुरा पडत नाही, स्वतःची हवा स्वतः न्यावी लागते.

"पाठीर टाकी घेऊन काय माणूस चंद्रार जातलो?" शेट म्हणाले.

"गेल्या वर्षी काका टॉवेल घेऊन गेले होते, शेट."

शेटनी टाकी माझ्याकडे सरकवली. मनानं वाईट नव्हते. फक्त प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या आधी थोडं कुरकुरल्याशिवाय त्यांना ती पचत नसे.

"एक अट आहे," आठल्ये म्हणाला. "चेहरा गुळगुळीत पाहिजे. रबर कातडीला चिकटलं पाहिजे. मध्ये केस आले की फट राहते."

तेव्हा आमची नजर एकदम दारात जमलेल्या पुरुषांकडे गेली. श्रावण चालू होता. एकाच्याही गालाला वस्तरा लागला नव्हता. सगळा कारखाना नुकत्याच उगवलेल्या नाचणीच्या वाफ्यासारखा दिसत होता.

"मी श्रावण पाळतंय!" सदा मेस्त्री ओरडला. सदा दुसरा ऑपरेटर. "सोमवार करतंय मी!"

"सोमवार पोटाचो, दाढयेचो न्हय," शेट म्हणाले.

"दाढीवाल्यांना चालेल असं काही येत नाही का?" मी आठल्येला विचारलं.

"येतं. डोक्यावरून घ्यायची टोपी असते, आत पंखा हवा फेकतो. पण ती लांब राहून काम करणाऱ्याला. गॅसमध्ये शिरून व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याला नाही देत आम्ही. तिथं घट्टच लागतो."

"झालं तर," मी म्हटलं. "दाढी काय हो, परत येते."

सगळे हसले. मलाही माझं वाक्य आवडलं. दाराच्या चौकटीला टेकून भिकाजीकाका उभे होते, ते हसले नाहीत. त्यांची दाढी श्रावणाची नव्हती.

ती चार वर्षांची होती. छातीपर्यंत आलेली, खाली पांढरी, ओठांच्या कडांना विडीनं पिवळी. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा नंदू एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. वादळात ट्रॉलर बुडाला. बाकीचे कोणी जिवंत, कोणी मेलेले, पण किनाऱ्याला लागले. नंदू लागला नाही. काकांनी गावच्या वेताळाच्या पायरीवर जाऊन सांगितलं, झील घरी येईपर्यंत तोंडाला वस्तरा लावणार नाही. हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी ते वाक्य बोलले होते, निदान तेवढं तरी मी स्वतःपासून लपवत नाही.

सदानं बाहेरच्या नळावर शेटच्याच रेझरनं दाढी केली. निम्मी झाल्यावर साबणाच्या तोंडानं उठून तो सगळ्यांना दाखवत फिरला, "आता खरो सांग, बायल वळकात काय माका?" मग मास्क चढवला, मी सांगितल्याप्रमाणे डब्याच्या तोंडावर तळवा ठेवून श्वास आत ओढला. रबर गालांना चिकटलं आणि चिकटूनच राहिलं. मी अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत फिरवला. आतून तो ओरडला, "कायेक वास नाय!" आणि बाटली वाजवावी तशी काचेवर टिचकी मारून नाचला.

मग काका आले. न सांगता आले आणि मास्क हातात घेतला. दाढी दोन्ही हातांनी गोळा करून रबराच्या आत कोंबली, जशी एखादी बाई अंबाड्यात केस कोंबते. पट्टे आवळले. तळवा ठेवून श्वास ओढला.

सूं.

हनुवटीखालून सरळ आवाज आला. मी बोळा तिथं नेला, आणि काका खोकत वाकले. मास्क ओढून काढला तेव्हा डोळ्यांतून धारा.

"पट्टो आवळ अजून," ते म्हणाले.

मी आवळला. गालांत वळ उठेपर्यंत आवळला. पुन्हा सूं. पुन्हा खोकला.

"भिकाजी, तू बर्फ फोडूक जा," शेट हलक्या आवाजात म्हणाले. "कंप्रेसरार दुसरो बघतंय."

काका कंप्रेसरच्या खोलीत गेले. शेट माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बोल गो. तुजा ऐकतलो."

मला ते खरंही वाटलं नाही, पण मी गेले. कारण मला एक गोष्ट शेटपेक्षा जास्त कळत होती: काकांना बर्फ फोडायला घाला नाहीतर घरी बसवा, गॅस सुटला की ते आत जाणार. टॉवेल घेऊन जाणार. ती मशिनं त्यांनी पोरांसारखी वाढवली होती. आणि ह्या वेळी कदाचित भिंत चाचपत बाहेर येणार नाहीत.

कंप्रेसर बंद होता. खोलीत तेलाचा वास आणि पागोळ्यांचा आवाज. काका खाली बसून एका नटावरची जुनी ग्रीस बोटानं काढत होते.

"आवाज ऐकलात ना, काका?"

"ऐकलंय."

"तेवढी फट पुरते."

"गेल्या वर्सा फडको होतो तोंडार. मेलंय काय?"

"गळा गेला तुमचा."

"गळो कोणाक व्हयो? मी काय भजनाक बसतंय?" मग म्हणाले, "बाय, ही दाढी कित्याक आसा ता तुका ठावक आसा मा?"

"आहे."

"मगे?"

माहितीपत्रकात ह्यावर काही लिहिलेलं नसतं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि शब्द शोधायला लागले, आणि मला तो सापडला. मला आठवतंय, सापडल्यावर आनंद झाला होता. बरोबर बसणारा नट हाताला लागावा तसा.

"काका, नंदू आला आणि तुम्ही नसलात तर? कोणाला भेटायचं त्यानं?"

त्यांचं बोट नटावर थांबलं. त्यांनी मान वर केली. डोळे अजून लाल होते, त्या बोळ्यामुळं.

"तो येतलो, असा तुका वाटता?"

मी तेव्हा विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी विचार केला नाही. मला फक्त हनुवटीखालची ती फट दिसत होती.

"हो," मी म्हटलं.

"खरा?"

"येणार, काका. मला वाटतं."

काका हसले. त्या दाढीतून हसू दिसायला वेळ लागायचा. "चार वर्सांत असा माका कोणी बोलूक नाय," ते म्हणाले. "बायलसुदीक बोलणा नाय. ताट वाढून ठेवता, पण बोलणा नाय." उठले, हात पंचाला पुसला आणि नाक्यावरच्या न्हाव्याकडे गेले.

परत आले तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. खालचा निम्मा चेहरा पांढरा फटक, वरचा उन्हानं काळा, जसे दोन माणसांचे दोन तुकडे जोडलेले. ओठाजवळ एक खळी होती. तशीच नंदूला होती म्हणतात. मी नंदूला बघितलं नव्हतं.

मास्क चढवला. तळवा ठेवला. श्वास ओढला. रबर असं बसलं, जसा कोणी दोन्ही हातांनी चेहरा धरावा. मी बोळा फिरवला, कानापासून हनुवटी, हनुवटीपासून कान. काका हलले नाहीत. मग मला काचेच्या आत पाणी दिसलं, म्हणून मी घाबरून पुन्हा बोळा फिरवला, पुन्हा कडा चाचपल्या. कुठंही गळत नव्हतं.

"पास!" आठल्ये म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेटनी चहा मागवला. मी त्या दिवशी कारखान्यातली सगळ्यात मोठी माणूस होते.

पाळी सुटली तेव्हा मी काकांबरोबर निघाले. वाट तीच होती, आणि मला सरूकाकींना, काकांच्या बायकोला, स्वतः सांगायचं होतं. म्हटलं, ह्या माणसाला काही सुचणार नाही, उगाच काकी रागावतील. मी मनात वाक्य तयार केलं होतं: काकी, तुमचा नवरा आता कुठल्याही गॅसमध्ये जाऊन परत येईल.

खाडीच्या पायऱ्यांशी काका थांबले. न्हाव्याच्या हातचं तसंच घरात शिरायचं नाही, हे तर आमच्या गारगोटीलाही आहे. त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, खाडीत उतरले, तीन बुड्या मारल्या आणि पंचा पिळून वर आले. पुढची वाट शेताच्या मेरेवरून, बांधावरून होती, एका माणसाची. ते पुढे, उघडे, निथळते. मी मागे त्यांचा सदरा छातीशी धरून. पाऊस उघडला होता. आम्ही बोलत नव्हतो, कारण बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

हे चित्र कसं दिसतं ते मला सांगायला हवं होतं कोणीतरी. मी घाटावरची. बंदरावरच्या माणसाला सांगावं लागलं नसतं.

सरूकाकी घरापुढच्या खळ्यात बसून सुकट निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. आधी नवऱ्याचा चेहरा बघितला, मग ओलं अंग, मग मागून येणारी, खाली मान घालून चालणारी ऑफिसातली बाई आणि तिच्या हातातला सदरा. सूप कलंडलं.

"घावलो?" त्या म्हणाल्या.

घावलो म्हणजे सापडला. बंदरावर हे नुसतं इतकंच विचारतात. पुढचा शब्द कोणी म्हणत नाही.

मी तो सदरा आणखीच घट्ट धरला. काकाही उभेच राहिले, आणि त्यांच्या त्या नव्या, उघड्या तोंडावर तेव्हा जे काय होतं, त्याला उत्तर समजून काकींनी हंबरडा फोडला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. शेजारच्या घरांतून बायका धावल्या.

त्या आवाजानं दर्शना बाहेर आली. नंदूची बायको. लग्नाला वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा तो गेलेला. पोर उंबऱ्यावर उभी राहिली, तिनं सासऱ्यांकडे बघितलं, आणि तिचा हात कपाळाकडे गेला. कुंकू पुसलं तिनं. रडत नाही, ओरडत नाही. दिवसभर राबलेली बाई घाम पुसते ना, तसं. मग हात खाली आला आणि तिनं मोठा श्वास सोडला.

"नाय गो!" काका घोगऱ्या गळ्यानं ओरडत होते. "नाय, नाय! खबर नाय कायेक! ता कंपनीचा… मास्काक… ह्या बायक विचार!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काकी, मास्क बसत नव्हता. दाढीमुळं फट राहत होती." वाक्य म्हणून ते बरोबर होतं.

काकींचं रडणं तुटलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्या दर्शनाच्या कपाळाकडे बघत होत्या. लाल रंग भुवईपर्यंत ओढला गेला होता.

"इतकी घाई होती तुका?" त्या म्हणाल्या.

दर्शनानं बोटांकडे बघितलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"मी दमलंय, आई," ती म्हणाली.

ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा नवं कुंकू लावलेलं होतं, गोल, नीट, आधीपेक्षा मोठं. पण पुसलेलं कपाळ सगळ्या वाडीनं बघितलं होतं, आणि सगळ्यात जवळून काकींनी. मी सदरा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवला. तो काकांच्या हातात द्यायलाही मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनीत गॅस सोडला. एक थेंब गळला नाही.

त्या घरात नंतर दोन चुली झाल्या. काकींनी नंदूचं ताट वाढणं सोडलं नाही, उलट ते दर्शनाच्या समोर वाढायला लागल्या. मार्गशीर्षात तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. पुढे तिचं दुसरं लग्न झालं. एकदा कुडाळच्या बाजारात भेटली, कडेवर मुलगी. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वैनी, त्या दिवशी तुमी इलात म्हणान मी सुटलंय." मी मुलीच्या गालाला हात लावला, बरं झालं म्हटलं आणि घेतलेली भाजी तिथंच विसरून आले. तिला आशीर्वाद वाटलं ते माझ्या पदरात दगडासारखं पडलं. कारण दुसऱ्या बाजूला काकी होत्या, ज्या माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. देवळात समोर आले तर भिंत समोर आल्यासारख्या वळायच्या.

आणि काका. दाढी काय, परत येते, असं मी म्हटलं होतं. पण मास्क असा असतो की तो ती परत येऊ देत नाही. एकदा करून भागत नाही, रोज करावी लागते. सकाळी गेटावर ऑपरेटरांच्या हनुवट्या बघायचं काम शेटनी माझ्यावर टाकलं होतं. सदा आठवड्यातून दोनदा पकडला जायचा आणि शिव्या देत नळावर बसायचा. काकांच्या गालावर मला कधी एक खुंट दिसला नाही. सगळ्यांच्या आधी यायचे, कधी ओठाखाली ताजी चीर, आणि माझ्यासमोर उभे राहून हनुवटी किंचित वर करायचे, लहान पोरं शाळेत नखं दाखवतात तशी. "बघ," म्हणायचे. मी बघायची. रोज मी मनात म्हणायची, एक दिवस तरी विसरा हो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. अमोनिया पुन्हा कधी सुटला नाही. आम्ही डब्यांची मुदत बघितली, बदलले, कवायती घेतल्या, पाठीवरची टाकी घेऊन सदा खरोखर चंद्रावर गेल्यासारखा चालून दाखवायचा. पण खरं संकट आलंच नाही. आणि मी, स्टोअर सांभाळणारी, सुरक्षेचा फलक स्वतःच्या हातानं रंगवणारी, कंप्रेसरच्या खोलीवरून जाताना कान देऊ लागले. एकदा सुटू दे. थोडासाच. कोणाला काही न होता. काका मास्क लावून आत जाऊ देत आणि बाहेर येऊ देत, म्हणजे मी काकींच्या दारात जाऊन उभी राहीन. देवाकडं गॅस गळू दे म्हणून मागणारी बाई मी एकटीच असेन. त्यानंही ऐकलं नाही. पाइप चांगले होते, आणि भिकाजीकाका उत्तम ऑपरेटर होते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शेटनी शाल दिली, सदानं भाषण केलं आणि मध्येच रडला. सगळे पांगल्यावर काका स्टोअरमध्ये आले. त्यांचा मास्क पिशवीत घालून आणला होता. मी तो टेबलावर ठेवला, तपासला, कारण दुसरं काय करायचं सुचेना. रबर मऊ होतं. हिरव्या डब्याचं सील जसंच्या तसं. काचेवर ओरखडा नव्हता. इतकी वर्षं त्या माणसानं तो घरच्या देवासारखा पुसला होता.

"बरो आसा मा?" त्यांनी विचारलं.

"नव्यासारखा आहे, काका."

ते गेले नाहीत. शालीची घडी ह्या काखेतून त्या काखेत केली. वय झालं होतं. गालांवर कातडी सैल पडली होती, आणि त्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सकाळची दाढी केलेली नव्हती. गेटावर निरोपाच्या गडबडीत माझं बघायचं राहून गेलं होतं.

"बाय," ते म्हणाले, "आता मास्क नाय. म्हणजे आता ठेवली तर चलात मा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"काका…"

"बायल म्हणता, म्हाताऱ्या, सोड आता. ताट बंद केल्यान तिना, ठावक आसा तुका? दोन वर्सां झाली." ते माझ्या टेबलाजवळ जरा वाकले. आवाज खाली आणला, दारात कोणी नव्हतं तरी. "पण मी म्हणतंय, ती बाय शिकलेली आसा. इंग्लिश वाचता. तिना माका सांगितल्यान, तो येतलो म्हणान. उगाच कित्याक सांगात?"

बाहेर एक बोट जेटीला लागत होती. काकांची नजर माझ्यावरून सरकून खिडकीतून तिकडे गेली आणि उतरणाऱ्या खलाशांवरून एक-एक करत फिरली.

"ठेवा, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग हनुवटीवरून तळवा फिरवला, हळू, कानापासून कानापर्यंत, मीच शिकवलं होतं तसा, कुठं फट राहिलीय का ते बघायला.